दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

गुदेबियातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट आहे,
म्हणजे लिफ्टचं दार आहे.
आत काय आहे ते वॉचमन मजीदला माहीत, नाहीतर मालकाला.
मी चोपन्न पायऱ्या चढते.
सत्तेचाळिसाव्या पायरीचा कोपरा तुटलाय,
तिथे पाय आपोआप डावीकडून पडतो,
मीठ टाकताना हात आपोआप थांबतो तसा.

ऑगस्टात पहाटे साडेचारला उतरते.
दार उघडलं की चष्म्यावर वाफ,
दोन मिनिटं मी आंधळी.
भिंतीला हात लावून शहराला म्हणते, थांब जरा.
मग एकेक दिसू लागतं:
बेकरीचा तंदूर, बाहेर कलंडलेल्या सायकली,
दुकानाच्या पायरीवर माझ्याआधी पोचलेली मांजर.
शंभर फिल्सचे खुबुस कागदात गुंडाळून
छातीशी धरते, गरम.
समुद्रापर्यंत जाऊन येते.
समुद्र काही म्हणत नाही. तोही पहाटे घामाघूमच असतो.

ऋजुता फोनवर सांगते, आई, तळेगावला छान झालंय,
खास तुमच्या वयाच्या लोकांसाठी.
दारात डॉक्टर, सकाळी योगा,
सगळं बसल्या जागी.
बसल्या जागी!
तिला कसं सांगू, मला भीती वाटते ती त्याचीच.

रमजानात न्हाणीघरात घसरले, ते तिला कळलंच.
मनगट प्लास्टरमध्ये, सहा आठवडे.
उम्म यूसुफ रोज संध्याकाळी हरीस घेऊन यायची
आणि माझी वेणी घालून जायची.
केस उरलेत ते किती, पण अशी घट्ट
की रात्रभर भुवया वर चढलेल्या.
तिला मराठी येत नाही, मला अरबी कामापुरतं.
कुणाचं कुठे दुखतं
ते मात्र दोघींना एकमेकींचं तोंडपाठ.

प्लास्टर निघाल्यावर फकरुलने भिंतीला दांडे बसवले.
ड्रिल थांबवून म्हणाला, खाला, हे भिंतीपेक्षा जास्त टिकतील.
म्हटलं, बाबा, माझ्यापेक्षा दोन दिवस जास्त टिकले तरी पुरे.

ह्यांनी गोदीत एकतीस वर्षं जहाजांचे नकाशे काढले,
स्वतःच्या घराचा एकही नाही.
इथे घर दोन-दोन वर्षांचं मिळतं.
ओळखपत्राला इथे सीपीआर म्हणतात.
नवं करायला गेले की मला हसू येतं,
कुणी छातीवर दाब देऊन पुन्हा सुरू केल्यासारखं:
चला, अजून दोन वर्षं.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सध्या काय करता?
म्हटलं, चढते.
तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही.
तिने त्या रकान्यात रेघ मारली.

एसीच्या नळीखाली बादली ठेवलीय.
हवेतून निघालेलं पाणी, समुद्राचंच,
पण मीठ विसरलेलं.
त्यावर तेलाच्या डब्यात कढीपत्ता माझ्या खांद्याला लागलाय.
चौथ्या मजल्यावरचे मल्याळी न विचारता तोडतात,
मी न बघितल्यासारखं करते.
फोडणी वरून खाली येते, तेवढं भाडं पुरतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर
कुणीतरी प्लास्टिकची पांढरी खुर्ची आणून ठेवली.
कुणी, ते कबूल करत नाही कोणी.
मजीद छताकडे बघतो.
मला राग आला.
तीन आठवडे तिच्यासमोरून गेले,
अबोला धरलेल्या जावेसमोरून जावं तशी.

काल हातात कलिंगड होतं.
ठेवलं तिच्यावर.
कलिंगड बसलं. मी उभी राहिले,
श्वास मोजत, कुणी बघत नाही ना ते बघत.
उम्म यूसुफ वरून उतरत होती, एक हात गुडघ्यावर.
तिने कलिंगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि अगदी गंभीरपणे विचारलं:
ही म्हातारी कोण?

हसता हसता कठडा धरावा लागला.
अजून अठरा पायऱ्या होत्या.
कलिंगडाला म्हटलं, ऊठ बाई, झाली विश्रांती.